हळूबाईचं कुलूप

माझ्या धाकट्या जावेविषयी चार चांगले शब्द लिहून द्या, असं आमच्या ग्रंथपालबाईंनी मला सांगितलं आहे. ध्वनिग्रंथालयाच्या वार्षिक पुस्तिकेत दर वर्षी एका कर्मचाऱ्याची ओळख छापतात, आणि यंदा ती संकलन विभागाची प्रमुख झाली म्हणून तिची. विभागात आम्ही दोघीच आहोत. म्हणजे ती कोणाची प्रमुख झाली हे चाणाक्ष वाचकाला वेगळं सांगायला नको. “तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?” असं बाई वर म्हणाल्या. चार चांगले शब्द सापडतील, नाही असं नाही. पण आधी बाकीचे लिहून मोकळी होते.

तिला सगळे हळूबाई म्हणतात. नाव तिच्या नवऱ्यानंच, म्हणजे माझ्या दिरानं, लग्नानंतर आठवड्याभरात ठेवलं. फोन उचलला की ती “हॅलो” म्हणायच्या आधी इतकी थांबते, की पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. जिना उतरताना दोन्ही पाय एका पायरीवर टेकल्याशिवाय पुढची पायरी घेत नाही. सफरचंद सोलायला बसली की साल एकसंध उतरली पाहिजे. मध्येच तुटली तर चेहरा असा करते, जणू कोणाला लागलंच आहे. लग्नाआधी ती घड्याळदुरुस्तीच्या दुकानात काम करायची. घड्याळ कानाशी धरून ते कुठे अडखळतंय हे ओळखायची म्हणे. तिच्या हातात घड्याळं कशी चालायची देवच जाणे, ती स्वतः कधी वेळेवर चाललेली मी पाहिली नाही.

मला कात्री म्हणतात. आमचं काम सांगते म्हणजे नावाचा उलगडा होईल. ज्यांना दिसत नाही किंवा डोळे दगा देऊ लागले आहेत, अशांसाठी आम्ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. भिंतींना घोंगड्या लावलेल्या एका खोलीत वाचक बसून वाचतो. शेजारच्या खोलीत आम्ही दोघी कानाला हेडफोन लावून त्यातला खोकला, खुर्चीची कुरकुर, पानाची फडफड, चुकलेले शब्द कापून टाकतो. एका तासाचं वाचन मी दीड तासात स्वच्छ करते. हळूबाईला चार तास लागतात. हे आकडे मी तिच्या नियुक्तीच्या वेळी बाईंना लेखी दिले होते. त्यांनी ते वाचले आणि तिलाच प्रमुख केलं.

पण प्रमुखपदाचं मला तेवढं लागलं नाही. लागलं ते बाबांचं.

बाबा म्हणजे आमचे सासरे. तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारणारा आवाज त्यांचा. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे वाचायला येऊ लागले आणि नऊ वर्षांत त्यांनी चाळीस पुस्तकं वाचली. पहिली सव्वीस मी कापली. मग हळूबाई नोकरीला लागली आणि बाबांनी एक दिवस जेवताना, भाजी वाढून घेता घेता, सहज सांगितलं, “पुढचं पुस्तक धाकटीकडे दे.” तेव्हापासूनची चौदाही तिच्याकडे. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं. 

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. श्वाससुद्धा पुढे नाकातोंडातून नाही, गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून. बाबांनी दोनच प्रश्न विचारले. शस्त्रक्रिया कधी, आणि तोवर पुस्तक पुरं होईल का. एका दीपस्तंभाच्या राखणदाराची जाडजूड कादंबरी त्यांनी अर्धी वाचली होती. अकरा प्रकरणं. उरलेली त्यांनी सहा आठवड्यांत संपवली. शेवटी शेवटी आवाज इतका खरखरीत झाला होता, की एका बैठकीत चार पानांवर जात नसत.

आता त्या दिवसाकडे येते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांच्या तपासण्या होत्या आणि संध्याकाळी पाचला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. मध्ये दुपारी दोन ते चार त्यांनी शेवटचं ग्रंथालयात यायचं ठरवलं. कुठे काही चुकलं, गळलं असेल तर ते वाचून द्यायला. त्यानंतर वाचायला आवाजच उरणार नव्हता. तपासणीला बरोबर कोण आलं पाहिजे? “धाकटी,” बाबा म्हणाले. अर्थात. म्हणून शेवटची तीन प्रकरणं ऐकून चुकांची यादी करायचं काम ग्रंथपालबाईंनी मला दिलं. नऊ, दहा, अकरा. अडीच तासांचं ऐकणं. सकाळी साडेनऊला मी बसले, म्हणजे वेळ भरपूर होता.

आमचे सगळे ध्वनी एका मोठ्या संगणकात राहतात. तो युनिक्सच्या घराण्यातला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि स्वभावानं माझ्या आजीसारखा. विचारलं तेवढंच सांगेल, आणि हक्क नसेल तर दारातूनच परत पाठवील. मी हळूबाईच्या फोल्डरचं नाव टाकलं. उत्तर आलं, पर्मिशन डिनाइड. पुन्हा टाकलं. पर्मिशन डिनाइड. मग मी हक्कांची यादी काढली. त्या यादीत प्रत्येक फोल्डरपुढे अक्षरांची एक ओळ असते. पहिली तीन अक्षरं मालकाचे हक्क सांगतात, मधली तीन गटाचे म्हणजे आम्हा कर्मचाऱ्यांचे, शेवटची तीन बाकीच्या जगाचे. हळूबाईच्या फोल्डरपुढे मालकाची तीन अक्षरं होती आणि पुढे सहाच्या सहा जागी आडव्या रेघा. बघायचं नाही, लिहायचं नाही, आत पाऊल टाकायचं नाही. मालक, हळूबाई. बाकी सगळे, मी धरून, बाहेर.

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तीन वर्षं जिच्यात बोट ठेवायला जागा सापडत नव्हती, ती सापडली होती. बाबांचा आवाज कुलपात घालून बसली होती साळसूद! मी त्या ओळीचा कागद छापून घेतला, सहा रेघांखाली लाल पेनानं रेघ मारली आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“मला यातलं काही कळत नाही,” बाई म्हणाल्या. “तिला फोन करा ना.”

मी फोन केला. नेहमीची ती लांबलचक शांतता. मग दवाखान्याच्या ओट्यावरच्या गलक्यातून, “हं, ताई?”

“फोल्डरला कुलूप का लावलंस?”

“कुलूप?” पुन्हा शांतता. “मी नाही हो लावलं. मला कुठे येतं लावायला?”

“मग काय भुतानं लावलं?”

“ताई, वेळ जाईल. तुम्ही माझ्या नावानंच आत जा ना. माझा पासवर्ड सांगते, लिहून घ्या.”

इथे मी काय केलं ते नीट लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. समोर पेन होतं. कागद होता. पावणेदहा वाजले होते. तिच्या नावानं शिरले असते तर बारा-सव्वाबारापर्यंत तिन्ही प्रकरणं ऐकून झाली असती. पण मग ती लाल रेघ वाया गेली असती, आणि बाबांच्या आवाजापर्यंत जायला मला तिचं नाव पांघरावं लागलं असतं. मी म्हणाले, “मी दुसऱ्याच्या नावानं कुठे शिरत नाही,” आणि फोन ठेवला. बाईंना सांगितलं, “किल्लीवाल्यांनाच बोलवा. काय ते सगळ्यांसमोर होऊ दे.”

किल्लीवाले काका म्हणजे आमचा संगणक सांभाळणारे गृहस्थ. सगळी कुलपं उघडणारा मोठा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे असतो. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा कचेरीत होते. त्यांना यायला एक वाजला. तोवर मी टेबल पुसलं, पेन्सिलींना टोक काढलं, आणि मनातल्या मनात हळूबाईला बाईंसमोर उभी करून चांगली तीनदा खडसावली.

काका आले, चष्मा कपाळावर चढवला आणि पडदा बघू लागले. मागे मी उभी, बाजूला ग्रंथपालबाई, आणि तमाशा बघायला, ऐकणाऱ्यांना पुस्तकं पाठवणाऱ्या विभागातले दोघं.

“तिनं हातानं लावलेलं नाही,” काका म्हणाले. “तिचे सगळेच फोल्डर असे आहेत. जन्मतःच बंद.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“नवीन फोल्डर तयार होतो ना, तेव्हा त्याला कोणते हक्क द्यायचे हे एक आकडा ठरवतो. इथे कोणीतरी असा आकडा लिहून ठेवलाय, की जे जे नवं होईल ते मालकाशिवाय सगळ्यांना बंद.” त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “तुमचेही बघा, तसेच आहेत. आणि पुस्तकं पाठवणाऱ्यांचेही.”

“मग इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?”

“पुरं झालेलं पुस्तक ‘तयार’मध्ये जातं तेव्हा यंत्र आपोआप सगळ्यांना उघडून देतं. अर्धवट कामात एकमेकांच्या फोल्डरमध्ये कोण जातं तुमच्यात?”

 काकांनी ती फाइल उघडली. प्रत्येकाच्या नावावर लागू होणारी, सगळ्यांची मिळून एक. मधोमध तो आकडा होता, शून्य सात सात. आणि त्याच्या वर, यंत्र ज्या ओळी वाचत नाही, माणसांनी माणसांसाठी टिपण म्हणून लिहायच्या असतात, तशी एक ओळ होती.

“माझ्या कामाला कोणीही हात लावू नये. — थोरली.”

खाली तारीख. हळूबाई नोकरीला लागली त्या महिन्याची.

आठवलं. तिच्या पहिल्याच महिन्यात तिनं माझं अर्धं कापलेलं एक प्रकरण उघडून त्यात चार ठिकाणी मी काढलेल्या शांतता परत घातल्या होत्या. वर मला दाखवायला आली, “ताई, आता कसं वाटतंय?” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काकांच्या मागे लागले, की मला कुलूप लावायला शिकवा. त्यांनी त्या दिवसापुरता मोठा पासवर्ड दिला, आकडा सांगितला, आणि बजावून सांगितलं होतं, तुमच्या स्वतःच्या फाइलीत लिहा. मी रागाच्या भरात तो सगळ्यांच्या फाइलीत लिहिला. एकीला बाहेर ठेवायला निघाले आणि सगळ्या घराची दारं एकमेकांना लावून टाकली, आपलं धरून.

 ग्रंथपालबाईंनी टेबलावरचा माझा लाल रेघेचा कागद घडी करून मला परत दिला. काकांनी आकडा बदलला, हळूबाईचे फोल्डर गटाला उघडून दिले आणि हळूच म्हणाले, “होतं असं.” मला कोणीतरी फाडकन तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दीड वाजला. हळूबाई बाबांना घेऊन वेळेआधी आली. आयुष्यात पहिल्यांदा. बाबा घोंगडीच्या खोलीत कोमट पाणी पीत बसले. हळूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. काय झालं ते तिला बाहेरच कोणीतरी सांगितलं होतं, तिच्या तोंडावरून कळत होतं. ती एवढंच म्हणाली, “ताई, अकरावं आधी घ्या. तुमचा कान जलद आहे.”

अकरावं पाऊण तासाचं होतं. मी ते जरा वेग वाढवून ऐकायला घेतलं. हे मला जमतं, तिला नाही. एकतिसाव्या मिनिटाला राखणदार जिना चढत होता आणि पुढच्याच वाक्यात नावेत बसला होता. बाबांनी दोन पानं एकदम उलटली होती. मी हात वर केला. हळूबाईनं पुस्तकात जागा शोधली, खूण घातली. गोष्टीचा जीवच त्या दोन पानांत होता. माझा जीव भांड्यात पडला.

नवव्यासाठी वेळ उरला होता थोडा. मी त्याचं न कापलेलं मूळ मुद्रण लावलं. सुरुवातीला बाबांचं खाकरणं, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज. मग बाबा हळूबाईशी बोलताना ऐकू आले. हळूबाईही शेजारी दुसरा हेडफोन लावून ऐकत होती. तिनं घाईनं, खरोखर घाईनं, हात पुढे केला. मी तिचा हात धरून ठेवला.

“थोरलीला अजूनही नको सांगूस हं,” बाबा म्हणत होते. “ती स्वच्छ कापते. फारच स्वच्छ. माझा श्वास ठेवत नाही एकही. ऐकायला बसलो की वाटतं, हा माणूस मेल्यावर वाचतोय.”

पुढे प्रकरण सुरू झालं. मी थांबवलं.

“मला कुलूप लावता आलं असतं ना ताई,” हळूबाई म्हणाली, “तर एवढ्यापुरतं लावलं असतं.”

मला रडू आलं, आणि त्याच वेळी तिचा असा राग आला, की सांगता सोय नाही. चौदा पुस्तकं तिला हे माहीत होतं. चौदा पुस्तकं ती माझ्यासमोर बसून सफरचंदाची साल एकसंध काढत होती.

दोन वाजले. बाबांनी ती दोन पानं वाचायला घेतली. दोन पानांना पावणेदोन तास लागले. तीन ओळी वाचायचे, थांबायचे, पाणी प्यायचे. दहावं प्रकरण ऐकायचं राहिलंच होतं. मी ते तसंच मधूनमधून ऐकत होते, पण काचेपलीकडून बाबा दिसत असताना कान जागेवर राहीना. पावणेचारला बाबांनी पुस्तक मिटलं, माइकवर दोनदा टिचकी मारली, बसस्थानकावर घोषणा संपल्यावर मारायचे तशी, आणि बाहेर आले. “झालं,” म्हणाले. त्यांच्या मूळ आवाजात मी ऐकलेला तो शेवटचा शब्द.

दहाव्या प्रकरणात एक अर्धं वाक्य गळलेलं आहे. ते आठवड्यानं सापडलं. राखणदार बायकोला काय सांगतो ते ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही. त्या सकाळी मी पासवर्ड लिहून घेतला असता तर ते वेळेवर सापडलं असतं. हे पुस्तिकेत छापा, माझी हरकत नाही.

ती दोन पानं कापायला हळूबाईनं माझ्याकडे दिली. प्रमुख म्हणून दिली की जाऊ म्हणून, मी विचारलं नाही. शेवटच्या वाक्याआधी बाबांनी एक लांब श्वास घेतला आहे, दोन सेकंदांचा, शेवटी किंचित शिट्टी वाजलेला. माझं बोट सवयीनं तिथे गेलं. श्वासाच्या दोन्ही बाजूंना खुणा पडल्या. बोट तसंच ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. मग खुणा काढून टाकल्या. त्या पानांना मला चार तास लागले.

बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी आणि हातात पाटी घेऊन. बोलायचं ते पाटीवर लिहितात. एका दुपारी आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसून अकरावं प्रकरण ऐकलं. बाबा खिडकीकडे तोंड करून. ती जागा आली. श्वास आला, शिट्टी आली, मग वाक्य. बाबांचा हात त्यांच्या गळ्याच्या पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. प्रकरण संपल्यावर त्यांनी पाटी ओढली. लिहिलं, “हे कोणी केलं?”

“ताईंनी,” हळूबाई म्हणाली. या एका उत्तराला तिनं क्षणभरही वेळ लावला नाही.

बाबांनी तळहातानं पुसून पुन्हा लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली. “कापलं नाहीस.”

एवढंच. मग पाटी पुसायला त्यांनी पुढे केली ती मात्र धाकटीकडे. मला आत्ताही वाटतं, की ती माझ्याकडे द्यायला हवी होती. हळूबाईनं फडकं घेतलं आणि नेहमीच्या तिच्या पद्धतीनं, एकेक अक्षर, काना, मात्रा करत पुसू लागली. इतकी हळू, की मला ते तीनदा वाचता आलं.